मळक्या तांब्यांची ऑर्डर

“काळं म्हणजे किती काळं?” गोरक्षमामांनी विचारलं.

“अगदी कोळशासारखं नाही. मळकं. माळ्यावर चाळीस वर्षं पडून राहिलेलं भांडं असतं ना, तसं,” तेजस्विनी म्हणाली.

“म्हणजे मी नवं भांडं घडवायचं आणि ते जुनं करून द्यायचं.”

“हो.”

“मग त्या बाईंना म्हणावं, नवंच न्या आणि चाळीस वर्षं थांबा. आपोआप होईल.”

जुन्या नाशकात भांडी बाजाराच्या मागे तांबट आळी आहे. एके काळी तिथे दोन माणसांना बोलायचं असेल तर आळीबाहेर जावं लागे, इतका हातोड्यांचा आवाज असायचा. पुढे स्टील आलं, प्लास्टिक आलं, आणि २००१ सालापर्यंत आळीत निवांत गप्पा मारता येऊ लागल्या. गोरक्ष तांबट मात्र अजून ठोकत होते. चार वर्षांपूर्वी तेजस्विनी त्यांच्याकडे आजेसासूच्या गळक्या घंगाळाला डाग लावून घ्यायला म्हणून आली आणि तिथेच दोन तास बसून राहिली. तेव्हापासून मामा घडवत आणि तेजस्विनी विकत असे. प्रदर्शनं, मुंबई-पुण्याची दुकानं, ओळखीपाळखीतली लग्नं. तिच्या इंदिरानगरच्या रो-हाऊसमध्ये गाडीसाठी बांधलेल्या शेडमध्ये गाडी कधी आलीच नाही. तिथे तांब्याचे दिवे आणि पितळी डबे राहत.

आणि आता ही पहिली मोठी ऑर्डर आली होती. इगतपुरीजवळ डोंगराच्या कडेला एक रिसॉर्ट उभं राहत होतं. त्याची सजावट मुंबईच्या केतकी दळवी करत होत्या. प्रत्येक खोलीत हात धुवायला तांब्याचं घंगाळ, कोपऱ्यात हंडा, खिडकीत फुलांसाठी तांब्या. तेजस्विनीने नमुना म्हणून एक तांब्या पाठवला. तो दुसऱ्या दिवशी परत आला आणि पाठोपाठ केतकीबाईंचा फोन.

“काम सुंदर आहे हो. पण हा किती चमकतोय. मला पॅटिना हवाय. म्हणजे भांड्यावर वयाची साय येते ना, ती.”

हे सगळं तेजस्विनीने मामांना सांगितलं. मामांनी हातातली हातोडी खाली ठेवली. त्यांच्या मते भांडं घडवणं हे निम्मं काम. शेवटी चिंच लावून, राख लावून, धुऊन पुसून त्याला उजाळा दिला की ते भांडं झालं. तोवर तो नुसता पत्रा.

“माझ्या दुकानातून काळं भांडं बाहेर पडणार नाही, ताई. आळीतले लोक म्हणतील, म्हाताऱ्याच्या हातातला जोर गेला.”

“मामा, हे काम नीट झालं तर पुढची दोन वर्षं बघायला नको. नाहीतर दुकानाची पुढची खोली झेरॉक्सवाल्याला भाड्याने द्यावी लागेल, असं तुम्हीच म्हणत होतात.”

मामांनी पुढच्या खोलीकडे एकदा बघून घेतलं. शेवटी त्यांनी तोडगा काढला.

“मी माझ्या पद्धतीनं करीन. लख्ख उजाळा देऊन तुमच्या हवाली करीन. मुलगी सासरी गेली की माहेरच्यानं बोलायचं नसतं. तुमच्या घरी नेऊन तुम्ही तिला काळी करा, निळी करा. फक्त मला दाखवू नका.”

होळीच्या सुमारास सगळी भांडी तेजस्विनीच्या शेडमध्ये येऊन पडली. ती इतकी झळाळत होती की दुपारी शेडचं दार उघडलं की समोरच्या घराच्या भिंतीवर उजेड नाचायचा. ती काळी कशी करायची हा प्रश्न तिने नवऱ्यापुढे मांडला. दीपक सातपूरच्या एका कारखान्यात रंगकामाचा दर्जा तपासायचा. कुठलीही वस्तू खराब कशी होते याचं त्याला सखोल ज्ञान होतं.

“उकडलेली अंडी,” तो म्हणाला.

“काय?”

“अंड्याच्या बलकात गंधक असतं. गरम अंडी कुस्करून बंद पिंपात ठेवायची, वर भांडी टांगायची. एका दिवसात बघ.”

प्रयोग एका तांब्यावर झाला. दुसऱ्या दिवशी पिंपाचं झाकण उघडलं तेव्हा दोघंही आधी अंगणात पळाली आणि मग नाक धरून परत आली. तांब्या मात्र अप्रतिम झाला होता. गर्द तपकिरी, कडेला काळपट, ठोक्यांच्या खळग्यांत किंचित लालसर. पणजीने माळ्यावर टाकलेला आणि नातीला सापडलेला वाटावा असा.

मग तेजस्विनी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे रोज अंडी आणायला जाऊ लागली. तिसऱ्या दिवशी वाण्याने विचारलं, “वहिनी, तालीम काढली का?”

कॉलनीत वास पसरला. शेजाऱ्यांनी गटाराची झाकणं उघडवून पाहिली. गटार निर्दोष निघालं. दीपकही बाकीच्यांबरोबर झाकणात वाकून बघत होता आणि “काहीतरी मेलंय बहुतेक” असं गंभीरपणे म्हणत होता.

घरात एक व्यक्ती होती जिला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. दीपकची आई, कुसाबाई. देवळ्याहून संक्रांतीनंतर त्या कायमच्या राहायला आल्या होत्या. उभा जन्म कांद्याच्या शेतात गेलेला, आता गुडघ्यांनी ऐकायचं सोडलं म्हणून लेकाने आणलेलं. इथे त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. दिवाणखान्यातल्या खुर्चीत त्या एसटीची वाट बघावी तशा बसून असत. अंडं त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या शिरलं नव्हतं, म्हणून पिंपात “औषध” आहे एवढंच त्यांना सांगण्यात आलं.

सगळी भांडी काळी झाली त्या दिवशी तेजस्विनीने ती मागच्या अंगणात वाऱ्याला मांडून ठेवली आणि ती केतकीबाईंना भेटायला मुंबईला गेली. सोबत एक तांब्या नेला होता. केतकीबाईंनी तो दोन्ही हातांत धरला, खिडकीपाशी नेऊन फिरवला आणि म्हणाल्या, “बस. हेच. सगळे अस्से हवेत.”

संध्याकाळी तेजस्विनी हवेत तरंगतच घरी आली. मागच्या दारात पाय ठेवला आणि तिथेच थांबली.

अंगणभर सूर्य उतरला होता. घंगाळं, हंडे, तांबे, एकजात लखलखत होते. मध्ये पाटावर कुसाबाई बसल्या होत्या. पदर खोचलेला, पुढ्यात चिंचेच्या कोळाचं पातेलं, आणि हात कोपरापर्यंत पांढरे पडून सुरकुतलेले.

“आलीस का? ये. बघ,” त्या म्हणाल्या. “किती मळली व्हती गं सगळी. म्या म्हनलं, तेजूनं मोठ्या लोकांना द्यायची भांडी, अन् अशी कशी देनार? तिची मान खाली जाईल. सकाळपासून बसले. त्या समोरच्या बाईनं चिंच दिली. चांगली हाय बिचारी.”

तेजस्विनीने त्यांच्याकडे पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काम संपवल्यानंतरचा थकवा होता. गावाकडे रोज असायचा तो. त्याच्यामुळे त्या दहा वर्षांनी लहान दिसत होत्या.

“छान झालीत, आई,” ती म्हणाली. “फार छान.”

रात्री जेवताना दीपकने विचारलं, “सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही सांगा ना. तुमची आई आहे.”

दीपकने आमटीकडे लक्ष वळवलं.

दोघांनी पुन्हा अंडी आणली आणि पुन्हा पिंप भरलं. यावेळी काळी भांडी शेडमध्येच ठेवून कुलूप लावलं. पण कौतुकाचा एक दोष असतो. ज्याचं करावं तो थांबत नाही. दुसऱ्या दिवशी तेजस्विनी भाजी घेऊन आली तर शेड उघडी, आणि कुसाबाई अर्ध्या ऑर्डरच्या पार पलीकडे पोचलेल्या.

“किल्ली फ्रीजवर सापडली,” त्या म्हणाल्या. “तेजू, तुला सांगू का? ह्या शेडमधी ओल हाय. परत काळी पडली बघ. पन तू घोर करू नको. जितक्यांदा पडतील तितक्यांदा घासीन मी. मला तरी दुसरं काय काम हाय?”

“छान झालीत,” तेजस्विनी म्हणाली.

आता भांडी या घरात राहणं शक्य नव्हतं. माल पोचवायचा दिवस जवळ येत चालला होता. तिने छोटा टेम्पो बोलावला, भांडी आणि पिंप दोन्ही त्यात घातलं आणि तांबट आळी गाठली.

“मामा, तुमच्या मागच्या पडवीत ठेवू द्या. तिथेच काळी करते. चादर टाकून झाकीन. तुम्ही बघूच नका.”

मामांनी वास घेतला, कपाळाला आठ्या घातल्या आणि पाठ फिरवली. “मी पडवीत जात नाही आठ दिवस,” ते म्हणाले. “पण चादर जाड टाका.”

तेजस्विनी रोज येऊन काम करत होती. पाडव्याच्या आदल्या दिवशी सगळी भांडी तिसऱ्यांदा काळी होऊन चादरीखाली गेली. पाडव्यानंतर दोन दिवसांनी टेम्पो इगतपुरीला निघणार होता. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

पाडव्याला सकाळी घरची गुढी उभारून झाल्यावर मामांकडे श्रीखंडाचा डबा द्यायला ती निघाली. कुसाबाई म्हणाल्या, “मी पन येते. ज्यानं एवढी गोड भांडी घडवली त्या मानसाला बघू तरी.” नाही म्हणायला कारण नव्हतं. भांडी तर चादरीखाली होती.

रिक्षा आळीच्या तोंडाशी थांबली. दोघी उतरल्या. घराघराच्या खिडकीत, सज्ज्यात, गच्चीच्या कठड्याला गुढ्या उभ्या होत्या. रेशमी वस्त्रं, कडुलिंबाचे डहाळे, साखरेच्या गाठी. आणि प्रत्येक गुढीवर उपडा घातलेला नवाकोरा तांब्या. सगळे एका घाटाचे, एका मापाचे, एका हाताचे. इतके लखलखीत की आळीत ऊन दोनदा पडल्यासारखं वाटत होतं.

“अगंबाई,” कुसाबाई मान वर करून म्हणाल्या, “आपल्याच तांब्यांसारखे दिसत्यात.”

“आपलेच आहेत,” तेजस्विनी म्हणाली.

मामा धुतलेला सदरा घालून दुकानाच्या पायरीवर उभे होते. तिला बघून त्यांनी नजर चुकवली.

“ताई, आधी ऐकून घ्या. काल तुम्ही गेल्यावर लोक यायला लागले. मामा, गुढीला तांब्या द्या. दर पाडव्याला आळी माझ्याकडनंच तांब्या नेते. या वर्षी तुमच्या ऑर्डरमुळे दुकानात एक नग शिल्लक नाही. वर्षाचा पहिला दिवस. रिकाम्या हातानं कुणाला पाठवू? म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. संध्याकाळी गुढी उतरली की परत.”

“पण मामा, ते काळे होते.”

“म्हणून तर घासावे लागले,” मामा म्हणाले. “गुढीवर काळा तांब्या कोण घालतं?”

“आणि हंडे? घंगाळं?”

मामांनी सदऱ्याची बाही सारखी केली. “चादर काढलीच होती. मग हात थांबला नाही.”

तेजस्विनी पायरीवर बसली. तिला रडू येतंय असं वाटून मामा पाणी आणायला वळले, पण ती हसत होती. हसता हसता तिला धाप लागली. वर सज्ज्यात उभ्या असलेल्या बायकांनी वाकून पाहिलं.

“हसा, पण उद्याचं काय ते बोला,” मामा म्हणाले. “एक सांगतो, आज पुन्हा काळे करायचे नाहीत. सण आहे. उद्या सकाळी करा.”

“काळे?” कुसाबाईंनी विचारलं. “कोन करतंय काळे? का?”

मामांनी तेजस्विनीकडे पाहिलं. तिने डोळे मिटले. मामांना वाटलं सासूबाईंना माहीत असणारच. त्यांनी सरळपणे सगळं सांगून टाकलं. मुंबईच्या बाई, वयाची साय, पिंप. अंड्यांसकट.

घरी आल्यावर कुसाबाई खुर्चीत जाऊन बसल्या. पुरीला हात लावला नाही. दीपकने आत डोकावून पाहिलं आणि तो तातडीने गुढीचा दोर नीट आहे का ते बघायला बाहेर गेला. तेजस्विनी त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

“मी पैल्यांदा घासली तवा तू काय म्हनलीस?” कुसाबाईंनी विचारलं.

“छान झालीत म्हणाले.”

“दुसऱ्यांदा?”

“तेच.”

“का?”

“तुमचे हात सुजले होते, आई. आणि तुम्ही इतक्या खुश होतात. इथे आल्यापासून मी तुम्हाला तसं पाहिलंच नव्हतं.”

कुसाबाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. थोड्या वेळाने त्यांचे खांदे हलू लागले. तेजस्विनी घाबरून उठली, तर त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

“म्हंजे तू काळी करायची, मी पांढरी. तू काळी, मी पांढरी. अन् त्यो दीपक गटारात बघतोय. येडी का खुळी तू? अगं, मला सांगितलं असतं तर एवढी चिंच तरी वाचली असती. त्या समोरच्या बाईची बरनी रिकामी केली मी.”

मग त्यांनी पुरी घेतली, श्रीखंड मागून घेतलं आणि खाता खाता म्हणाल्या, “उद्या मी येते. अंड्याला हात लावनार नाय, पन भांडी टांगून देईन. आनिक कोनी घासायला आलं तर दारात मी बसते. बघते कोन घासतंय.”

दुसऱ्या दिवशी तांबट आळीत सकाळपासून गर्दी होती. आळीतल्या बायका आपापला तांब्या परत घेऊन आल्या, आणि कुणीच तो तसाच आणला नव्हता. हळदीकुंकू पुसून, पुन्हा एकदा चिंचेने घासून, “वस्तू घेतली तशीच द्यावी” म्हणून आणखी लख्ख करून आणला होता. कुसाबाई पडवीच्या दारात पाट टाकून बसल्या आणि एकेकीच्या हातून तांब्या काढून घेत राहिल्या. “दे इकडं. नाय, पुसायचा नाय. नाय बाई, राख नको. घरी जा.” दीपकने रजा काढली होती. तो अंडी सोलत होता. मामा दुकानात पाठ करून बसले होते आणि काहीच कारण नसताना एका पत्र्यावर जोरजोरात ठोकत होते.

टेम्पो ठरल्या दिवशी निघाला. इगतपुरीला केतकी दळवी गॉगल कपाळावर चढवून वाट बघत होत्या. शेजारी रिसॉर्टचे मालक सहादू भोर. त्यांच्या घरची पिढीजात भातशेती. धरणाकडेच्या माळावर भात पिकत नव्हता, तिथे त्यांनी या खोल्या बांधल्या होत्या. गोणपाटं सोडली तसे केतकीबाईंचे डोळे भरून आले.

“शंभर वर्षांची वाटतात,” त्या म्हणाल्या. “काय खोली आहे रंगाला. कसं केलंत हो हे?”

“घरगुती पद्धत आहे,” तेजस्विनी म्हणाली.

सहादूंनी एका हंड्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि नम्रपणे म्हणाले, “मॅडम म्हणतात तर असंल बरोबर.”

उद्घाटन अक्षय्य तृतीयेला होतं. कुसाबाई तिला आखाजी म्हणत. आमंत्रण सगळ्यांना आलं. मामांनी आधी येत नाही म्हणून सांगितलं. आपली भांडी परक्याच्या घरी काळी तोंडं करून बसलेली बघायला कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी कुसाबाई म्हणाल्या, “लेकीच्या सासरी येकदा तरी जावं दादा,” तेव्हा ते जीपमध्ये बसले आणि इगतपुरी येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

जीप आवारात शिरली. बाहेरच्या ओट्याच्या पायरीवर केतकी दळवी बसलेल्या होत्या. कपाळावर गॉगल नव्हता. दोन्ही हातांत डोकं होतं.

“काय झालं?” तेजस्विनीने विचारलं.

केतकीबाईंनी नुसतं आत बोट दाखवलं.

आत फुलांचे हार होते, आंब्याची पानं होती, आणि खोल्याखोल्यांतून तांबं पेटलं होतं. घंगाळांत छताचं प्रतिबिंब दिसत होतं. हंड्यांत बघून आलेले पाहुणे भांग सारखे करत होते. खिडक्यांतल्या तांब्यांवर डोंगर उमटले होते. मधल्या चौकात नऊवारी नेसलेल्या एक आजीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांच्यामागे गावातल्या सात-आठ जणी, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत सुरकुतलेले. सहादूंनी ओळख करून दिली. “ही माझी आई, धोंडाबाई.”

धोंडाबाईंनी तेजस्विनीला हाताला धरून बाजूला नेलं आणि आवाज खाली केला.

“तुम्हीच का भांडीवाल्या बाई? लय मळकी आली व्हती हो तुमची भांडी. वाटंनं टेम्पोचा धूर लागला असंल. पन तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पावनं यायच्या आत आमी समद्यांनी बसून घासली. मी कुनाला बोलले नाय हां. सहादूलाबी नाय. आपल्यातच ठेवलं.”

तेजस्विनीच्या तोंडातून सवयीने शब्द बाहेर पडले. “छान झालीत.”

पायरीवरून केतकीबाई उठून आल्या. “आजी, ती मुद्दाम काळी केली होती.”

“मुद्दाम?”

“हो. त्याला पैसे दिलेत तुमच्या मुलाने.”

धोंडाबाईंनी केतकीबाईंना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि मुलाकडे वळून हलकेच विचारलं, “सहादू, बाई बऱ्या हायेत ना?”

सहादू एकदा आईकडे बघत होते, एकदा केतकीबाईंकडे. पाहुणे मात्र भांड्यांभोवती गोळा झाले होते. कुणी फोटो काढत होतं, कुणी ठोक्यांवरून बोटं फिरवत होतं. मामा हात मागे बांधून एकेका खोलीत शिरत होते आणि बाहेर येत होते. “मी काही बोलत नाही,” ते प्रत्येक वेळी म्हणत, आणि पुढच्या खोलीत जात. त्यांची चाल बदलली होती.

शेवटी कुसाबाई पुढे झाल्या. तोवर त्यांनी धोंडाबाईंशी चिंच की आमसूल यावर चर्चा करून मैत्री जुळवली होती.

“सायेब,” त्या सहादूंना म्हणाल्या, “सनावाराला तुमची आई येनार, ती घासनारच. तिचा हात कोन धरंल? सन झाला की आमाला सांगावा धाडा. आमी येऊन परत काळी करून देऊ. आमचा धंदाच हाय तो.”

सहादूंच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. “हे बेस. मॅडमचंबी राहील आन् आईचंबी.”

“वर्षातनं किती सण आहेत तुमच्याकडे?” केतकीबाईंनी क्षीण आवाजात विचारलं.

धोंडाबाई बोटं मोजू लागल्या. एक हात संपला, दुसरा संपला, आणि त्या बैलांच्या बेंदरापर्यंतसुद्धा पोचल्या नव्हत्या. दीपकने मनातल्या मनात अंड्यांचा हिशेब सुरू केला आणि सोडून दिला.

जेवणं झाली. पाचच्या सुमारास सगळे जीपकडे निघाले तेव्हा केतकी दळवी मागून आल्या. चेहऱ्यावरचा थकवा आता बराच कमी झाला होता. पुरणपोळीवर त्यांनी तूप मागून घेतलं होतं असं कुसाबाईंनी नंतर सांगितलं.

“तेजस्विनी, एक काम होतं. मला एक तांब्या हवाय. घरी न्यायला.”

“देते ना. तुम्हाला मुंबईत दाखवला होता तो काळा इथेच आहे, गाडीत. मामांना धक्का बसू नये म्हणून गुंडाळून ठेवलाय. आणि एक नवा आहे, मामांनी आणलेला. कुठला देऊ?”

केतकीबाईंनी मागे वळून पाहिलं. धोंडाबाई लांब होत्या, पाहुण्यांना निरोप देत होत्या.

“नवा द्या,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “घरी माझी आई आहे. काळा नेला तर आधी मला बसवून घासून घेईल.”

मामांनी पिशवीतून तांब्या काढला, आणि केतकीबाईंच्या हातात देण्याआधी खांद्यावरच्या उपरण्याने पुन्हा एकदा पुसला.